जन्म आणि सुईणपण यांवरील माहितीपटाचा खेळ आपल्या गावी लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपण, सुईण आणि प्रसूतिसेवा या विषयांवर स्वतंत्र दिग्दर्शकांनी केलेले माहितीपट चित्रपटगृहांत सहसा लागत नाहीत. ते एखाददुसऱ्या महोत्सवात दाखवले जातात, आणि ज्यांच्या आयुष्याविषयी ते असतात त्या बायकांपर्यंत पोहोचायचे असतील तर कोणालातरी गावात, वस्तीत किंवा महाविद्यालयात पडदा बांधावा लागतो. महाराष्ट्रात असे खेळ लावणाऱ्यांना आम्ही गेली काही वर्षे मदत करतो. यजमान मंडळी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रोजेक्टरची अडचण चार वाक्यांत सुटते, पण गावच्या सुईणीला कोठे बसवायचे हा प्रश्न तसा सुटत नाही.

खेळ कोणाला लावता येतो?

महिला मंडळ, बचत गटांचा ग्रामसंघ, ग्रंथालय, फिल्म सोसायटी, नर्सिंग महाविद्यालय, आरोग्यावर काम करणारी संस्था किंवा सोसायटीतल्या चार मैत्रिणी यांपैकी कोणालाही. नोंदणीकृत संस्था असलीच पाहिजे अशी अट नाही. मात्र जबाबदार म्हणून एका व्यक्तीचे नाव आधीच ठरवावे, कारण निर्मात्याशी पत्रव्यवहार, सभागृहाची किल्ली आणि पोलीस ठाण्यातला अर्ज ही तीन कामे तिघांत वाटली की त्यांतले एक हमखास राहते.

चित्रपट यूट्यूबवर फुकट उपलब्ध असेल, तर परवानगी कशाला?

निर्मात्याने चित्रपट घरी पाहण्यासाठी खुला ठेवला म्हणजे तो चारचौघांत दाखवण्याचा हक्क दिला, असे होत नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार जाहीर प्रदर्शनाचा हक्क निर्मात्याकडे वेगळा राहतो आणि त्यासाठी त्याची लेखी संमती लागते. या कायद्यात एक सवलत आहे. शैक्षणिक संस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक हे केवळ तेथील शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही. नर्सिंग महाविद्यालयांना ही सवलत उपयोगी पडते. तरीही निर्मात्याला एक पत्र लिहावे असा आमचा आग्रह असतो. स्वतंत्र माहितीपट करणारी माणसे बहुधा स्वतःची बचत आणि मित्रांची उसनवारी घालून चार-पाच वर्षे एका विषयामागे लागलेली असतात, आणि आपला चित्रपट कोठे पाहिला गेला हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. शिवाय पत्र लिहिले की चांगल्या प्रतीची फाइल मिळते. सभागृहातले वायफाय ऐन कळांच्या दृश्यात अडकले, तर पुढची पंधरा मिनिटे चर्चा फक्त वायफायची होते, हे आम्ही अनुभवले आहे.

मानधन किती द्यावे?

निर्माता सांगेल ते विचारावे, आणि परवडत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. बहुतेक निर्माते महाविद्यालय, कंपनी आणि गावचे महिला मंडळ यांना एकाच मापाने मोजत नाहीत. ज्या यजमानाकडे मंडप, हार-तुरे आणि फ्लेक्स यांसाठी पैसे आहेत, पण चित्रपटासाठी मात्र नाहीत, अशा यजमानाला आम्ही मदत करत नाही.

सेन्सॉर प्रमाणपत्र लागते का?

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे जाहीर प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि माहितीपट त्यातून सुटत नाहीत. म्हणून निर्मात्याला लिहिताना पहिल्याच पत्रात दोन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र आहे का, आणि असल्यास कोणत्या वर्गाचे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली असून ते कायमचे झाले आहे. महोत्सवांना केंद्र शासनाकडून सूट मिळू शकते, पण ती त्या महोत्सवापुरती असते. एखादा चित्रपट महोत्सवात दाखवला गेला याचा अर्थ तो प्रमाणित आहे असा होत नाही. फिल्म सोसायट्यांची व्यवस्था वेगळी आहे. त्यांचे खेळ फक्त सभासदांसाठी असतात आणि त्यांचा महासंघ १९५९ पासून कार्यरत आहे. आपल्या शहरात जुनी फिल्म सोसायटी असेल, तर एकट्याने धडपडण्यापेक्षा तिच्याबरोबर कार्यक्रम करणे सोपे जाते.

प्रमाणन हा माहितीपट करणाऱ्यांच्या दृष्टीने साधा कागदोपत्री विषय राहिलेला नाही. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी अनेक माहितीपटकारांनी 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला, त्यामागे प्रमाणपत्राच्या सक्तीवरूनच वाद होता. यजमानाने या वादात कोणती बाजू घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या सभागृहात खेळ लावणाऱ्या आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला नंतर कोणी कागद मागितला, तर तो तिच्या हाती असला पाहिजे, कारण नोकरी तिची जाते, आपली नाही.

शाळकरी मुलींना बसू द्यावे का?

हे आपल्या मतावर नाही, प्रमाणपत्रावर ठरते. 'ए' वर्गाचा चित्रपट अठरा वर्षांखालील कोणालाही दाखवता येत नाही, मग तो कितीही बोधप्रद असो. 'यूए' वर्गाचे आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत आणि तेथे निर्णय पालकांवर सोपवलेला आहे. 'एस' हा वर्ग डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांपुरता असतो. प्रशिक्षणासाठी केलेल्या काही चित्रफिती या वर्गात असू शकतात, तेव्हा अशी चित्रफीत चुकून गावात लावू नये. प्रसूतीचे दृश्य सविस्तर असेल तर बहुधा प्रौढांचेच प्रमाणपत्र मिळालेले असते. अंगावर पिणारी बाळे आईबरोबर येणारच. ती रडणारच. त्यांना बाहेर न्यायला लावू नये. बाळंतपणावरच्या चित्रपटात बाळ रडले म्हणून कोणी मागे वळून पाहिले, तर आपली यजमान म्हणून पहिली चूक तेथेच झाली.

जागा कशी असावी, आणि पोलिसांची परवानगी लागते का?

बंद सभागृह, समाजमंदिर किंवा शाळेचा मोठा वर्ग उत्तम. देवळाचा सभामंडप टाळावा. विटाळाच्या कल्पनेमुळे काही बायका, आणि नेमक्या ज्यांनी यायला हवे अशा ओल्या बाळंतिणी, तेथे येणार नाहीत. उघड्यावर खेळ असेल तर ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून चित्रपट आणि त्यानंतरची चर्चा दोन्ही दहाच्या आत बसली पाहिजेत. तिकीट लावणार असाल तर जागेच्या परवान्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो आणि त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात, मुंबईत पोलीस आयुक्तालयात, चौकशी करावी लागते. आमचा सल्ला असा की तिकीट लावू नये. दाराशी देणगीचा डबा ठेवावा आणि जमा झालेली रक्कम चित्रपट संपल्यावर सर्वांसमोर मोजून सांगावी.

कोणती साधने लागतात?

तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधाऱ्या सभागृहाला पुरतो. उजेडात कोणताच प्रोजेक्टर पुरत नाही, आणि म्हणूनच उघड्यावरचा खेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत सुरू करण्याचा हट्ट धरू नये. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपूरकडे साडेपाचलाच सूर्य मावळतो तर मुंबईकडे सहा वाजतात, आणि मेअखेरीस नागपूरला सात वाजायच्या जरा आधी तर मुंबईत सात वाजून गेल्यावर. पत्रिका छापताना हा फरक ध्यानात घ्यावा. पडद्यासाठी सुरकुती नसलेली पांढरी चादर चालते.

आवाजाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. लॅपटॉपचा किंवा प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर वीस माणसांनाही पुरत नाही, आणि या विषयावरचे चित्रपट कुजबुजीचे असतात: कळा देणाऱ्या बाईच्या कानाशी सुईण जे बोलते तेच ऐकू आले नाही, तर उरते ती फक्त वेदना, आणि बायका घाबरून घरी जातात. भजनी मंडळाचा किंवा लग्नाच्या डीजेवाल्याचा साधा स्पीकर संच भाड्याने घ्यावा आणि आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून एकदा ऐकावे. फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवावी. वीज जाणारच असे धरून चालावे.

चित्रपट मराठीत नसेल किंवा प्रेक्षकांना वाचता येत नसेल तर?

उपशीर्षके वाचणारा प्रेक्षक शहरातला असतो. साठी उलटलेल्या ज्या सुईणीसाठी आपण हा खटाटोप करतो, तिला खालची अक्षरे धावताना दिसतात आणि तेवढ्यात चित्र निघून जाते. मराठी निवेदनाची प्रत आहे का हे निर्मात्याला विचारावे. नसल्यास एका बाईने माईकवर शेजारी बसून थोडक्यात सांगत जावे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणारी स्थानिक बाई मिळाली तर फारच चांगले. सांगणारीने चित्रपट आधी दोनदा पाहिलेला असावा आणि सगळे सांगण्याचा प्रयत्न करू नये. बाळंतपणात काय चालले आहे, हे कोणत्याही भाषेतल्या बाईला पडद्याकडे पाहून कळते. भाषेची गरज बाकीच्या प्रसंगांना लागते.

कोणता दिवस निवडावा?

५ मे हा जागतिक मिडवाइफ दिन, १२ मे परिचारिका दिन, आणि ११ एप्रिल, म्हणजे कस्तुरबा गांधींचा जन्मदिवस, हा आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळला जातो. नर्सिंग महाविद्यालयांना या तारखा सोयीच्या पडतात. गावाला तारखेपेक्षा हंगाम महत्त्वाचा असतो. बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या बायका दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत त्यांच्या गावी खेळ लावला तर म्हाताऱ्या आणि शाळकरी मुलेच भेटतील. त्याऐवजी कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर, कोपीजवळ (ऊसतोड कुटुंबांच्या झोपडीजवळ) खेळ लावण्याचा विचार करावा. एक सूचना येथेच केलेली बरी. या पट्ट्यात बाळंतपणाची चर्चा फार लवकर 'पिशवी काढण्या'कडे वळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली होती. आजचा विषय तो नाही असे सांगून बायकांना थांबवू नये. त्यांच्या दृष्टीने विषय तोच आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून खेळ लावला तर?

बायका आयत्या जमतात हे खरे. परंतु हळदीकुंकवाला विधवांना बोलावत नाहीत, आणि गावोगावच्या सुईणींपैकी कितीतरी जणी विधवा आहेत. सर्वांना कुंकू लावणारे हळदीकुंकू आपल्या गावात रुजले असेल तर खुशाल जोडावे. नाहीतर वेगळा दिवस धरावा.

दाई, सुईण, नर्सबाई आणि मिडवाइफ यांत फरक काय? प्रेक्षक हे नेहमी विचारतात.

सुईण किंवा दाई ही परंपरेने शिकलेली बाई. गोव्यात तिला वैजीण म्हणतात. तिची विद्या सासूकडून सुनेला, आईकडून मुलीला आलेली असते. शासनाने अनेक वर्षे दाईंना प्रशिक्षण दिले, पण २००५ नंतर, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आल्यावर, धोरणाचा सगळा भर दवाखान्यातील प्रसूतीवर गेला आणि दाई कागदावरून हळूहळू पुसली गेली. उपकेंद्रातली नर्सबाई ही एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. या नावातला शेवटचा 'एम' मिडवाइफचाच आहे, हे खुद्द कित्येक नर्सबाईंच्याही लक्षात राहिलेले नसते, कारण लसीकरण, सर्वेक्षण आणि नोंदी यांतून त्यांना बाळंतपणाला वेळ मिळत नाही. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा परिचर्या अभ्यासक्रम आहे आणि त्यातही मिडवाइफरी येते.

चौथी, म्हणजे मिडवाइफ, ती आपल्याकडे नवी. केंद्र शासनाने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार नोंदणीकृत परिचारिकेला अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन तिच्याकडे सरळ, गुंतागुंत नसलेली बाळंतपणे स्वतंत्रपणे सोपवायची आहेत. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या आणि मिडवाइफरी यांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा मागे पडला. म्हणजे 'मिडवाइफ' हा शब्द आता भारताच्या कायद्याच्या शीर्षकात आहे, पण तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तशी व्यक्ती नसण्याचीच शक्यता अधिक. परदेशी चित्रपट दाखवणार असाल, तर त्यातली मिडवाइफ ही पदवी आणि परवाना असलेली व्यावसायिक आहे, आपल्याकडची सुईण नव्हे, एवढे आधीच सांगावे. नाहीतर प्रेक्षक दोघींची तुलना करत बसतात आणि ती दोघींवरही अन्याय करते.

गावच्या सुईणीला कसे बोलवावे आणि कोठे बसवावे?

याविषयी आम्ही चुका करूनच शिकलो. सुरुवातीच्या एका खेळाला आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी मंचावर टेबल मांडले, त्यावर चादर, मागे खुर्च्या. डॉक्टर, सरपंच आणि आम्ही असे वर बसलो. सुईण आली, पण दाराशी, चपलांजवळ बसली. चित्रपट संपल्यावर डॉक्टरांनी वीस मिनिटे संस्थात्मक प्रसूतीचे महत्त्व सांगितले, आभार झाले, चहा झाला, आणि ज्या बाईने त्या सभागृहातल्या निम्म्या माणसांना या जगात आणले होते ती एक शब्द न बोलता उठून गेली.

ती दाराशी का बसली, हे समजून घेणे जरूर आहे. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताचे कपडे धुणे ही कामे विटाळाची मानली गेली, आणि म्हणून अनेक गावांत ती दलित स्त्रियांकडे, विशेषतः मातंग समाजातील बायकांकडे आली. बाळंतपणाच्या रात्री जिच्या हाताखेरीज कोणाचे काही चालत नव्हते, तिला बाराव्या दिवसानंतर उंबऱ्याच्या आत घेतले जात नव्हते. मोबदला धान्याचा, लुगड्याचा, मुलगा झाला तर थोडा अधिक. तिला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिले की हे सगळे मिटते असे नाही. उलट एवढ्या गर्दीत अचानक खुर्चीवर बसवलेली बाई अवघडून जाते आणि बोलत नाही.

आता आम्ही असे करतो. दोन दिवस आधी तिच्या घरी जातो आणि चित्रपट कशाविषयी आहे ते सांगून तिला शक्य असल्यास त्याचा काही भाग मोबाइलवर दाखवतो. खेळाच्या दिवशी खुर्च्या मांडतच नाही. सगळ्यांसाठी सतरंज्या, डॉक्टरांसाठीही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या भिंतीला टेकून. चित्रपटानंतर दिवे पूर्ण लावत नाही आणि पहिले बोलणे डॉक्टरांना देत नाही. पहिला प्रश्न सुईणीला, आणि तोही सोपा, हातातल्या कामाविषयीचा असतो: वार पडायला उशीर झाला तर तुम्ही काय करत होतात? यावर ती बोलते. ती बोलली की तिने जिची बाळंतपणे केली त्या बोलतात, आणि मग सुना बोलतात, ज्यांची बाळंतपणे दवाखान्यात झाली. तिच्या येण्याचा दिवसाचा रोज बुडतो, तो भरून द्यावा. हे मानधन आहे, बक्षीस नाही, आणि ते पाकिटात, चारचौघांच्या नजरेआड द्यावे.

असा चित्रपट दाखवणे म्हणजे घरच्या बाळंतपणाचा प्रचार करणे नव्हे का?

डॉक्टर हा प्रश्न विचारतात आणि त्यांनी तो विचारणे योग्यच आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. तो आधी सांगून येत नाही, आणि काही तासांत बाई हाती लागत नाही. २०१८-२० या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते, महाराष्ट्रात ३३. हा आकडा खाली येण्यात दवाखान्यातील प्रसूती, १०२ आणि १०८ च्या गाड्या आणि रक्तपेढ्या यांचा मोठा वाटा आहे, आणि कोणत्याही यजमानाने आपल्या खेळातून याच्या उलट काही सुचवू नये. 'पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या' हे वाक्य चर्चेत कोणीतरी उच्चारतेच. त्यांतल्या किती परत घरी आल्या नाहीत, हे तेथल्याच एखाद्या म्हातारीला विचारावे. ती नावानिशी सांगते.

पण प्रश्नाला दुसरी बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे घर की दवाखाना हा वाद महाराष्ट्राच्या बहुतांश भागात संपलेला आहे. दवाखान्यात गेल्यावर बाईशी कोण कसे वागते, हा वाद सुरूच झालेला नाही. त्याच पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांतल्या ४७ टक्क्यांहून अधिक प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते, सरकारी दवाखान्यांत सुमारे १४ टक्के. गरज असताना न झालेले सिझर जीव घेते. गरज नसताना झालेले सिझर कर्ज, टाके आणि पुढच्या खेपेचा धोका देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत बाईला तिच्या पसंतीच्या स्थितीत बाळंत होऊ देणे, सोबतीण असू देणे आणि सरसकट टाक्यांचा छेद (बाळ बाहेर येण्यासाठी योनिमार्गाशी घेतलेला काप) न घेणे या गोष्टी आहेत. उकिडवे बसवणारी, पाठ चोळणारी, 'दम धर, अजून वेळ आहे' म्हणणारी सुईण यांतल्या पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही शिफारशीविना करत होती. या दोन बाजू एका खोलीत आणणे हेच या खेळांचे काम आहे.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना अवश्य बोलवावे, पण आधी चित्रपट दाखवून. आणि त्यांना भाषणाऐवजी एक नेमके काम द्यावे. केंद्र शासनाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक सोबतीण राहू देण्याचे ठरवले आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, गाडी आणि साध्या प्रसूतीनंतर तीन दिवसांचे, सिझरनंतर सात दिवसांचे जेवण मोफत आहे. आपल्या केंद्रात यांतले काय मिळते, काय मिळत नाही आणि का, एवढेच त्यांनी सांगावे. चांगले डॉक्टर हे मोकळेपणाने सांगतात, आणि बायका त्यांच्या अडचणीही ऐकून घेतात.

चित्रपट पाहून कोणाला रडू कोसळले तर?

कोसळते. ज्यांचे बाळ गेले, ज्यांना दिवस गेले आणि राहिले नाहीत, ज्यांना मूल नाही म्हणून वर्षानुवर्षे ऐकून घ्यावे लागले, आणि ज्यांना प्रसूतीच्या टेबलावर कोणी चापट मारली होती, अशा सगळ्या त्या अंधारात बसलेल्या असतात. सुरुवातीला दोन वाक्ये सांगावीत: चित्रपटात काय दिसणार आहे, आणि मधून उठून जाण्यात काही गैर नाही. दाराजवळ एक समजदार बाई बसवावी. तिचे काम बाहेर गेलेल्या बाईशेजारी गप्प बसणे हे आहे, समजूत घालणे नाही. 'होतं असं, विसरून जा' हे शब्द तिने उच्चारू नयेत. मदत पुढेही लागेल असे वाटले तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा. तेथे मराठीत बोलता येते. चर्चेत 'ज्यांना मुले आहेत त्यांनी हात वर करा' यासारखे काही कोणालाही करायला लावू नये. नवख्या निवेदकांना हा मोह हटकून होतो.

पुरुषांनी यावे का?

यावे, पण दुसऱ्या खेळाला. पहिला खेळ फक्त बायकांचा ठेवल्यास जे बोलले जाते ते सासरा किंवा दीर मागे बसला असता कधीच बोलले जात नाही. नंतरच्या मिश्र खेळाला नवऱ्यांना आवर्जून बोलवावे, कारण गाडी कधी बोलवायची, कोणत्या दवाखान्यात न्यायचे आणि सिझरच्या कागदावर सही कोणी करायची हे अजूनही बहुधा तेच ठरवतात.

चर्चेत मुलगा-मुलगी ओळखण्याविषयी प्रश्न आला तर?

पोटाच्या आकारावरून किंवा सुईणीच्या अंदाजावरून लिंग सांगण्याच्या गोष्टी निघतात, आणि त्या गमतीने निघतात. यजमानाने तेथेच, हसत पण स्पष्टपणे, १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा असल्याचे सांगावे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

फोटो आणि चित्रीकरण?

खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्याचा आणि रिकाम्या सतरंज्यांचा एक फोटो काढावा. अहवालाला तेवढा पुरतो. चर्चेचे चित्रीकरण करू नये. पडद्यावरच्या बाईनेही आपल्या देहाचे सर्वांत उघडे क्षण दिग्दर्शकावर विश्वास ठेवून दिलेले असतात, म्हणून प्रेक्षकांनी मोबाइलवर दृश्ये टिपू नयेत असे आधीच सांगावे आणि कोणी टिपत असेल तर जवळ जाऊन थांबवावे. गावच्या वार्ताहराला निमंत्रण असेल तर त्यालाही हा नियम लागू आहे. तो रुसतो. रुसू द्यावे.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाला असा खेळ लावता येईल का?

येईल, आणि तेथे चर्चा फार वेगळी होते. ब्रिटनमध्ये सरळ बाळंतपण मिडवाइफच करते, डॉक्टर अडचण आली तरच येतो. पुण्याहून किंवा साताऱ्याहून डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशेपा घेऊन गेलेली आई हे पाहून धास्तावते: माझ्या लेकीला डॉक्टर का बघत नाहीत? लेक म्हणते, आई, ही शिकलेली सुईण आहे. ही दोन वाक्ये आमच्या बहुतेक परदेशी यजमानांनी आम्हाला थोड्याफार फरकाने सांगितली आहेत, आणि त्यांच्यावरूनच चर्चा सुरू करावी. शेक-शेगडी, बाळाचे तेल आणि चाळीस दिवस घराबाहेर न पडणे यांवर माय-लेकींचे मतभेद निघतील, त्यांना भरपूर वेळ ठेवावा. परवानगी, विमा आणि वयोमर्यादा यांना त्या देशाचा कायदा लागू होतो, म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे आधी चौकशी करावी.

किती प्रेक्षक यावेत अशी अपेक्षा ठेवावी?

तीस आले तर चर्चा चांगली होते, ऐंशी आले तर चित्रपट चांगला पाहिला जातो. दोनशे आले तर दुसरा खेळ जाहीर करावा.

खेळ झाल्यावर निर्मात्याला काय कळवावे?

तारीख, ठिकाण, अंदाजे उपस्थिती, जमलेली आणि खर्च झालेली रक्कम. याखेरीज चर्चेत ऐकलेली दोन-तीन वाक्ये, बोलणारीचे आणि गावाचे नाव न देता, ज्या बोलीत उच्चारली त्याच बोलीत लिहून पाठवावीत. ती घरी पोहोचेपर्यंत विसरतात, म्हणून चर्चा चालू असताना एका मैत्रिणीने वहीत टिपून घ्यावीत. चित्रपटाची फाइल लॅपटॉपवरून पुसावी आणि पेनड्राइव्ह निर्मात्याचा असेल तर परत पाठवावा. भाड्याच्या सतरंज्या झाडून, मोजून द्याव्यात. एक हमखास कमी भरते, आणि ती बहुधा पडद्यामागे सापडते.